दुष्काळात पहिला घास लेकराचा

(मासिक बैठकीसाठी अभ्यास पाठ)



या महिन्याचा पाठ जरा मोठा आहे. बचत, हप्ते आणि नोंदवहीचं काम उरकलं की निवांत बसा. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. मधे थांबावं, बोलावं. आज सासवांना आणि आज्यांना जास्त बोलू द्या, कारण पाठातली पहिली गोष्ट त्यांनी डोळ्यांनी बघितलेली आहे.

विषय असा आहे: दुष्काळ पडतो किंवा लढाई पेटते तेव्हा लहान मुलांपर्यंत मदत कशी पोचते, कधी पोचत नाही, आणि त्यात आपल्या गटाचं काम काय. "लढाई कुठं अन् आपण कुठं" असं कुणाला वाटेल. दुष्काळ तर आपल्याला पाठ आहे, पण लढाईतून पळून आलेली लेकरंही आपल्या शेजारच्या जिल्ह्यात राहून गेली आहेत. ती गोष्ट पुढे येईल. आधी बाहत्तरचं बघू.

बाहत्तरचा दुष्काळ आणि सुकडी

१९७२ चा दुष्काळ एका वर्षाचा नव्हता. त्याच्या आधीची दोन वर्षंही पावसानं दगा दिला होता. घरातली कणगी आधीच रिकामी, त्यात बाहत्तरला पीकच आलं नाही. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्यात बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. आजही आपल्या भागातले कितीतरी तलाव आणि रस्ते "बाहत्तरच्या दुष्काळातले" म्हणून ओळखले जातात. त्यांच्या पायाशी आपल्या आज्यांचा घाम आहे.

बाई कामावर गेली की लेकरूही तिच्याबरोबर. बाभळीला झोळी बांधायची, मोठ्या पोरीला राखायला बसवायचं आणि आपण पाट्या टाकायच्या. अशा कामांवर सुकडी वाटली जायची. भाजलेल्या पिठाचा गोडसर, कोरडा खाऊ. चूल लागत नाही, भांडं लागत नाही, ओंजळीत घेतला की खाता येतो. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला लोक "मिलो" म्हणायचे. भाकरी चांगली व्हायची नाही, थापताना तुटायची, पण पोटात काहीतरी पडायचं.

सगळं गोड होतं असं नाही. मजुरी उशिरा मिळायची, पाण्यासाठी मैल मैल चालावं लागायचं, मोठ्या मुलांच्या शाळा सुटल्या त्या कायमच्याच. पण अभ्यासकांनी नंतर एक गोष्ट नोंदवली. पिकं इतकी बुडाली असतानाही महाराष्ट्रात भुकेनं मोठ्या संख्येनं माणसं मेली नाहीत. बंगालमध्ये १९४३ साली, महायुद्धाच्या काळात, सुमारे ३० लाख माणसं दगावली होती. तिथं धान्य अजिबात नव्हतं असंही नाही. गरिबाकडं ते विकत घ्यायला पैसे नव्हते आणि सरकारनं वेळेवर हात दिला नाही.

इथं थांबा. ज्यांनी सुकडी खाल्ली आहे त्यांना विचारा: चव कशी होती? कोण वाटायचं? कधी तुमची पाळी येईपर्यंत संपायची का?

विसापूरची गोष्ट

बाहत्तरला सरकारनं काम देण्याचा मार्ग धरला, त्याचं बी आपल्याच तालुक्यात पडलं होतं, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे हे १९६० ते १९७८ या काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळी माणसाला फुकट धान्य वाटण्यापेक्षा काम मागेल त्याला गावाजवळ काम द्यावं आणि त्या कामातून जमीन-पाणी सुधारावं, असा त्यांचा विचार. १९६५ च्या सुमारास विसापूर परिसरात त्याचा पहिला प्रयोग झाला. पुढे रोजगार हमी योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्या योजनेसाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेण्यात आला. म्हणजे मुंबईच्या पगारातला रुपया माणदेशातल्या आणि जतेच्या बांधावर पोचला.

मुलांच्या पाठात रोजगार हमी कशाला, असं विचाराल. लेकराला मदत करायची सगळ्यांत साधी वाट म्हणजे त्याच्या आईच्या हाताला गावाजवळ काम आणि वेळेवर दाम. काम गावात मिळालं तर घर मोडत नाही, शाळा सुटत नाही, अंगणवाडी सुटत नाही. काम नाही मिळालं तर बिऱ्हाड उठतं आणि सगळंच सुटतं. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात तर असंही लिहिलं गेलं, की कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. बाभळीच्या झोळीपासून कायद्याच्या कागदापर्यंत यायला तीस-बत्तीस वर्षं लागली.

वळिवड्याची लेकरं

आता लढाईची गोष्ट. लग्नाचा बस्ता बांधायला आपण कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातो. मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या वाटेवर वळिवडे लागतं, तिथलंच ते. तिथं साड्या बघताना कुणाच्या मनात येत नाही, पण ऐंशी वर्षांमागे तिथं परदेशी लेकरांची वस्ती होती.

दुसरं महायुद्ध चालू होतं. युरोपात पोलंड नावाचा देश आहे. १९३९ साली त्याच्यावर एका बाजूनं जर्मनीनं आणि दुसऱ्या बाजूनं रशियानं कब्जा केला. १९४० पासून रशियानं लाखो पोलिश लोकांना, बायका-मुलांसकट, मालगाड्यांत कोंबून सैबेरियाच्या थंडीत नेऊन टाकलं. भूक, थंडी आणि रोगराई यांत कितीतरी लेकरं गेली, कितीतरी अनाथ झाली. १९४१ मध्ये त्यांना सोडण्यात आलं. मग मजल दरमजल करत ती इराणला पोचली. तिथून काही मुलांना गुजरातमधल्या नवानगर संस्थानच्या जामसाहेबांनी बालाचडी इथं आसरा दिला. १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवडे इथं मोठी छावणी उभी राहिली. सुमारे ५ हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. घरचे पुरुष लढाईवर किंवा मेलेले.

ही छावणी कशी होती ते नीट ऐका, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. लांबच लांब बरॅकी, पण प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या. शाळा होत्या, आणि त्या मुलांच्या स्वतःच्या भाषेत शिकवणाऱ्या. दवाखाना होता, चर्च होतं, अनाथ मुलांसाठी वेगळं वसतिगृह होतं, स्काउटची पथकं होती. प्रकृती नाजूक असलेल्या मुलांना हवापालटासाठी सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला पाठवायचे. म्हणजे पोटाला अन्न एवढ्यावर कुणी थांबलं नाही. शाळा, खेळ, सण, आपली भाषा, आपली माणसं हे सगळं परत उभं केलं. म्हणूनच ती मुलं पुढे सावरली. १९४८ पर्यंत ती निरनिराळ्या देशांत गेली, पण म्हातारपणीही त्यांतली काही कोल्हापूरला येऊन, जुनी जागा बघून गेली. पोलंडची राजधानी वॉर्सा इथं आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

गोष्ट इथं संपत नाही. त्याच सुमारास देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार टाकून आलेली सिंधी कुटुंबं त्याच वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिली. त्याच बरॅकीत दुसऱ्या एका भांडणातली लेकरं वाढली. त्यांच्या आईबापांनी कापडाचा धंदा सुरू केला, आणि तेच आजचं गांधीनगर. पुढच्या वेळी बस्ता बांधायला गेलात तर पोरींना ही गोष्ट सांगा.

दुष्काळ आणि लढाई एकत्र आली तर

आता एक फार वाईट उदाहरण. आफ्रिकेत सोमालिया देश आहे. २०१०-११ मध्ये तिथं लागोपाठ पाऊस पडला नाही. आपल्याकडं बाहत्तरला झालं तसंच. जनावरं मेली, पिकं करपली. पण तिथं यादवी चालू होती. हत्यारबंद गटांनी बऱ्याच भागात मदत संस्थांना येऊ दिलं नाही. माणसं आपली लेकरं घेऊन दिवसच्या दिवस चालत शेजारच्या देशांकडं निघाली. पुढे झालेल्या अभ्यासाप्रमाणे त्या संकटात सुमारे २ लाख ५८ हजार माणसं दगावली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त, सुमारे १ लाख ३३ हजार, पाच वर्षांखालची लेकरं होती.

पाऊस दोन्हीकडं चुकला. आपल्याकडं रस्ता उघडा होता, काम निघालं, सुकडीचं पोतं कामावर पोचलं. तिथं वाटेत बंदूक उभी होती. अलीकडच्या वर्षांत सुदानमध्ये आणि गाझामध्येही हेच झालं. २०२४ मध्ये सुदानच्या झमझम छावणीत आणि २०२५ मध्ये गाझा शहराच्या भागात दुष्काळाची सगळ्यांत वरची पायरी जाहीर झाली, आणि दोन्हीकडं मुळाशी लढाई.

१९१४ च्या पहिल्या महायुद्धानंतर युरोपात मुलं भुकेनं मरत होती. तेव्हा इंग्लंडच्या एग्लंटाइन जेब या बाईनं १९१९ मध्ये "सेव्ह द चिल्ड्रन" ही संस्था काढली. तिचं म्हणणं असं, की शत्रूचं मूलही मूलच असतं. १९२४ मध्ये जिनिव्हा इथं मुलांच्या हक्कांचा जाहीरनामा झाला. संकटात मदत सर्वांत आधी मुलाला मिळावी, हे त्यात लिहिलं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, युनिसेफ सुरू झाली. आपल्या या पाठाचं नावही त्याच विचाराचं आहे. आपल्या घरात तर हे कायद्याआधीच चालत आलंय. भाकरी एक असेल तर आई पहिला तुकडा कुणाला देते?

मूल दुष्काळात जातं कशानं?

आपल्याला वाटतं भुकेनं. पण बहुतेक वेळा भूक मुलाला अशक्त करते आणि जुलाब, गोवर, न्यूमोनिया त्याला नेतात. म्हणून मदत म्हणजे नुसतं धान्याचं पोतं नव्हे. चार गोष्टी लागतात, आणि त्या आपल्या गटालाही कळायला हव्यात.

पहिली, पाणी. दुष्काळात टँकर येतो, पाणी आडात ओततात, तेच वर ओढतात. लहान मुलांचं पिण्याचं पाणी उकळून घ्या किंवा अंगणवाडीतून, आशाताईंकडून औषध घेऊन शुद्ध करा. एक अभिमानाची गोष्ट: १९७० च्या दशकात दुष्काळाच्या निमित्तानं आपल्याकडं बोअरवेल वाढल्या, पण ओतीव लोखंडाचे हातपंप लगेच मोडायचे. तेव्हा जालना आणि सोलापूर इथं मजबूत पंप तयार करण्यात आले. सोलापूरच्या पंपावरून पुढे युनिसेफच्या मदतीनं "इंडिया मार्क टू" हा पंप बनला. आज आफ्रिकेतल्या कितीतरी गावांत बायका त्याच पंपाचा दांडा हलवतात. सोलापूरच्या कोरड्या मातीनं जगातल्या लेकरांना पाणी दिलं.

दुसरी, जुलाबावर मिठा-साखरेचं पाणी. ओआरएसचं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण टाका, अर्धंमुर्धं नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नका. आशाताई देतील त्या झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण द्या, जुलाब थांबले तरी. आणि जुलाबात जेवण, अंगावरचं दूध बंद करू नका. "पोटाला विसावा द्यायचा" ही जुनी समजूत चुकीची आहे. लेकरू मलूल पडलं, डोळे आत गेले, पाणी पिईना किंवा शौचातून रक्त पडलं तर घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

तिसरी, आईचं दूध. सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको. "दुष्काळात आईच खात नाही, तर दूध कुठून येणार" असं म्हणतात. आई थोडी उपाशी असली तरी दूध येतं. बाळ जितकं ओढेल तितकं येतं. म्हणून जास्तीची भाकरी आईला द्या, बाळाला डबा देऊ नका. संकटात काही भली माणसं दुधाच्या पावडरीचे डबे वाटतात. पाणी घाण, बाटली घाण, आणि बाळ जुलाबानं जातं. आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं असे डबे वाटण्यावर बंधन आहे. तुमच्या गावात कुणी वाटायला आलं तर हात जोडून सांगा, की त्याऐवजी आईला डाळ, शेंगदाणे, गूळ द्या.

चौथी, लस. माणसं छावणीत दाटीवाटीनं राहिली की गोवर पसरतो, आणि अशक्त मुलाला तो जीवघेणा असतो. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दुष्काळ आहे म्हणून लसीची तारीख चुकवायची नाही.

दंडाची पट्टी

अंगणवाडीताईंकडे एक रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे, ती लावतात. घेर साडेबारा सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर हिरवा रंग, ठीक. साडेअकरा ते साडेबारा असेल तर पिवळा, लक्ष द्या. साडेअकराच्या खाली लाल, मूल धोक्यात. दुसरी खूण म्हणजे दोन्ही पायांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबलं आणि खड्डा राहिला, तर ती सूज आहे, मूल गुबगुबीत झालेलं नाही. लाल रंग किंवा अशी सूज दिसली तर मुलाला घरच्या खाऊवर ठेवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, तिथून गरजेप्रमाणे पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात.

पट्टी लावायला दहावी पास लागत नाही. ताईंकडून शिकून घ्या. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, ग्रामसंघाच्या दोघी जणी ताईंबरोबर वस्तीवर फिरल्या तरी खूप झालं.

आज आपल्या शिवारात

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आपल्या तालुक्यात पाणी आलं, द्राक्षबागा झाल्या, बेदाण्याची बाजारपेठ झाली. पूर्वेकडची गावं अजून उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, पण सगळीकडं बाहत्तर राहिलेलं नाही. उलट एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलेलं असताना मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आपल्या जिल्ह्यानं दुसऱ्याची तहान भागवली.

पण दुष्काळ आपल्याकडं दुसऱ्या वाटेनं येतो. दिवाळीनंतर उसाच्या फडात बघा. बीडकडचं, जतेकडचं कोयत्याचं जोडपं येतं. मुकादमाकडून उचल घेतलेली, फिटेपर्यंत सुटका नाही. पालाच्या बाहेर मोठी पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली. पहाटे आई फडात गेली की दुपारपर्यंत लेकरू शिळ्या भाकरीवर. बेदाण्याच्या शेडवर, वीटभट्टीवर तेच. त्यांच्या गावचा पाऊस चुकला म्हणून ते लेकरू आपल्या बांधावर आहे. आपण त्याच्याकडं बघून म्हणतो, "ती बाहेरची माणसं."

वळिवड्याच्या लोकांनी हजारो कोसांवरून आलेल्या, भाषाही न कळणाऱ्या लेकरांना शेजारी राहू दिलं. हे तर आपलंच मराठी बोलणारं लेकरू.

त्याचा हक्क काय आहे तो समजून घ्या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळाला पाहिजे. तीन वर्षांखालच्याला घरी न्यायचा शिधा, तीन ते सहा वर्षांच्याला सकाळचा नाश्ता आणि गरम ताजं जेवण. ते दुसऱ्या गावचं आहे म्हणून त्याला परत पाठवायचं नाही. शाळेच्या वयाचं मूल असेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं दाखला नाही, जन्माचा कागद नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. रेशन कार्ड त्यांच्या गावचं असलं तरी "एक देश एक रेशन कार्ड" योजनेत धान्य इथल्या दुकानात उचलता येतं. आणि ज्या भागात दुष्काळ जाहीर होतो तिथं उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतलं जेवण चालू ठेवावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये दिला. हा आदेश पूर्वेकडच्या गावांतल्या मैत्रिणींनी लक्षात ठेवावा. सुट्टी लागायच्या आधी ग्रामसभेत विषय मांडावा.

गटानं काय करायचं?

मोठं काही नको. झेपेल तेवढंच, पण नेमानं.

१. यादी. आपल्या वस्तीवर आणि शिवारात सहा वर्षांखालची मुलं किती, त्यात बाहेरून आलेली किती, कोणती अंगणवाडीत जात नाहीत. सीआरपीताईंनी यादी करून अंगणवाडीताईंना द्यावी. यादीत नाव नाही तर ताटही नाही.

२. मूठभर धान्य. रोज स्वयंपाकाआधी एक मूठ ज्वारी वेगळ्या डब्यात टाका. मुठीत साधारण ५० ग्रॅम धरलं तर दहा बायकांचं दिवसाला अर्धा किलो, महिन्याला १५ किलो. गटातल्या अडलेल्या घराला किंवा पालावरच्या बाळंतिणीला देण्यापुरतं एवढं धान्य होतं. देताना फोटो काढू नका. घेणाऱ्या बाईलाही लाज असते.

३. घरची सुकडी. दोन वाट्या ज्वारी किंवा गहू, एक वाटी हरभरा किंवा मूग डाळ, अर्धी वाटी शेंगदाणे. सगळं वेगवेगळं खमंग भाजून दळा, अर्धी वाटी गूळ किसून मिसळा. कोरड्या डब्यात ठेवा. सहा महिन्यांवरच्या लहान बाळाला कोरडी देऊ नका, घशात अडकते. पाण्यात किंवा दुधात शिजवून मऊ पेज करून भरवा.

४. आहार शिजवणारे गट. आपल्यातले काही गट अंगणवाडीचा गरम आहार शिजवतात. बिल वेळेवर आलं नाही की उधारी थकते आणि पातेलं उतरतं. गटाचीही अडचण खरी आहे. पण परस्पर बंद करण्याआधी ग्रामसंघाला कळवा. ग्रामसंघानं काही दिवसांपुरती उचल द्यावी आणि लेखी पत्र घेऊन सगळ्यांनी मिळून कार्यालयात जावं. एकटी बाई गेली की "उद्या या" म्हणतात, पंधरा जणी गेल्या की खुर्ची देतात.

५. वसुलीचा विचार. हे जरा कडू आहे. दुष्काळात कुणाचा हप्ता चुकला की आपण दंड लावतो, दारात जाऊन बसतो. ती बाई मग कुठून भरते? रेशन विकून, दूध सगळं डेअरीला घालून. म्हणजे आपलाच गट लेकराच्या वाटीतलं दूध घेतो. टंचाईच्या काळात ज्या घरात लहान मूल किंवा गरोदर बाई आहे, त्यांचा हप्ता पुढे ढकलण्याचा ठराव आत्ताच, पाऊसपाणी बरं असताना, करून ठेवा. ठराव नोंदवहीत लिहा, म्हणजे ऐनवेळी तोंड बघून निर्णय होणार नाही. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर तो नेमका अशाच वेळेसाठी आहे. दशसूत्रीत आरोग्य आणि शिक्षण आहे ते काय भिंतीवर लावायला?

६. हाक. मूल हरवलेलं, राबवून घेतलेलं, मारहाण झालेलं दिसलं तर १०९८ ला फोन करा. फोन मोफत आहे, नाव सांगायची सक्ती नाही.

बैठकीत बोलायचे प्रश्न

१. बाहत्तरच्या दुष्काळात आपल्या गावात कोणतं काम निघालं? त्या कामावर मुलांना कोण सांभाळायचं?

२. या हंगामात आपल्या शिवारात किती पालं पडली आहेत? त्यांतल्या एका तरी आईचं नाव आपल्याला माहीत आहे का?

३. आपल्या गटात गेल्या वर्षी हप्ता चुकलेल्या घरात लहान मूल होतं का? आपण त्या वेळी काय केलं?

४. वर लिहिलेल्या सहा कामांपैकी कोणतं एक काम पुढच्या बैठकीपर्यंत करू? कोण करणार? नाव लिहा.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहिल्याशिवाय बैठक संपवू नका. पुढच्या अंकात ज्या गटांनी दंडाची पट्टी घेऊन वस्ती फिरली त्यांचा अनुभव छापू. चार ओळी लिहून सीआरपीताईंकडे द्या, शुद्धलेखनाची काळजी करू नका.

आणि घरी जाताना फडाच्या बाजूनं गेलात तर पालापाशी थांबा. लेकराला विचारा, "बाळा, जेवलास का?" उत्तर काय येतं ते ऐका. पुढचा पाठ तिथून सुरू होतो.